आरोग्यसंशोधन आणि गावाचा वाटा

नव्या वाणाची शिफारस झाली म्हणजे जाणता शेतकरी प्रथम विचारतो, "आमच्या जमिनीत तो कसा उतरेल?" संशोधन केंद्रावरील पीक कितीही जोमदार असो, गावच्या शिवारात शेजारच्या पट्ट्याशी तुलना करून उत्पन्न मोजल्यावाचून त्याची खात्री पटत नाही. ही चिकित्सा योग्यच होय. परंतु आरोग्याच्या बाबतीत हाच शेतकरी स्वस्थ राहतो. पाहणीसाठी माणसे येतात, घरोघर नोंदी करतात आणि निघून जातात. त्यांतून काय निष्पन्न झाले, हे पुष्कळदा गावास कळत नाही व गावही विचारीत नाही. ही रीत बदलली पाहिजे.

या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९५ या काळात तेथील नवजात बालकांच्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद केली. पुढे १९९५ ते १९९८ पर्यंत ३९ गावांत बालकांची घरीच काळजी घेण्याची व्यवस्था करण्यात आली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. हे काम गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी केले. बालकाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, स्तनपानातील अडचणी दूर करणे, गुदमरलेल्या बालकाचा श्वास सुरू करणे व जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये भारत सरकारने हे काम आशा कार्यकर्तींवर सोपविले.

या यशाचे मर्म केवळ औषधात नव्हते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात आणि त्या वेळी बाळ-बाळंतीण घरात असते. त्या घरात विश्वासाने प्रवेश मिळतो तो गावच्या बाईलाच. शास्त्रज्ञांची पद्धती आणि गावाचा विश्वास यांची सांगड पडली म्हणूनच बालके वाचली.

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावयाची असते. या भेटी केवळ रकाने भरण्यापुरत्या उरल्या, तर मूळ प्रयोगाचा प्राणच जाईल. म्हणून वर्षात किती बालके जन्मली, किती दगावली, किती भेटी वेळेवर झाल्या, हे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत. कोणाचेही नाव घेऊ नये व कार्यकर्तीस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. एका गावातील आकडे लहान असल्याने एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. अनेक गावांचे व अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत.

खेडुतांस आकडे समजत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार आहे. एकरी किती पोती उतरली हे ज्यास कळते, त्यास शंभरांपैकी किती बालके जगली हेही कळते. ग्रामसेवकांनी हा हिशेब गावापुढे मांडावा. आणि पाहणीस येणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडून, नोंदी देण्यापूर्वीच, निष्कर्ष गावास परत सांगण्याचे वचन गावाने घ्यावे.