पद्मिनीला ऊन लागतं तेव्हा...

मे महिना म्हणजे लग्नांचा सीझन, आणि आमच्या वऱ्हाडात उन्हाचाही! अशा दिवसांत एसी गाडी घरी ठेवून १९८० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी अमरावती-नागपूर हायवेवर काढणाऱ्याला लोक हौशी तरी म्हणतात, नाहीतर वेडा. मला दोन्ही म्हणून झालंय. ही गाडी तिवस्याच्या काकांची. चावी देताना त्यांनी एकच अट घातली, "तिला उन्हात छळू नको."

अट भावनिक वाटते ना? पण तिच्यात सरळसरळ फिजिक्स आहे. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतात. तिवस्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो. बॉनेटखालचं तर विचारूच नका.

आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. पद्मिनीत टाकी मागे आणि पंप पुढे, चक्क तापलेल्या इंजिनला चिकटून! तो पेट्रोल ओढून घेतो. ओढलं की पाइपातला दाब कमी होतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपात नुसती वाफ भरली की कार्बोरेटर उपाशी. टाकी भरलेली असूनही गाडी आचके देते आणि बंद पडते. यालाच म्हणतात व्हेपर लॉक.

खरी मेख पुढे आहे. गाडी पळताना त्रास कमी, थांबल्यावर जास्त! मोझरीला गुरुकुंजात दर्शन घेतलं, चहा झाला, पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला... ढिम्म! कारण इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि सगळी उष्णता पंप-कार्बोरेटरवर चढते. म्हणून थांबताना सावली शोधायची आणि बॉनेट उघडं ठेवायचं. फुकटचा, पण हमखास उपाय.

बाकीची तयारी एप्रिलमध्येच. रेडिएटर साफ, फॅन बेल्ट टाइट, इग्निशन टायमिंग बरोबर. इंजिनच तापलं नाही तर अर्धं काम झालं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्यायचा, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवायचं. पंप आणि इंजिनच्या मधलं जाड पॅकिंग शाबूत आहे ना, तेही बघायचं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच बंद पडते, तेव्हा तेही तपासा. टाकी भरलेली ठेवा, जास्त पेट्रोल लवकर तापत नाही.

आणि ते सुप्रसिद्ध ओलं फडकं? पंपावर ओलं फडकं ठेवणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय, आणि तो चालतो. फक्त फडकं पंख्यात अडकणार नाही एवढं बघा, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं मात्र लाखमोलाचं : "भाऊ, फडकं म्हंजे औषध नाही, कपाळावरची पट्टी आहे. ताप कायचा आला ते पाहा."

आता एक सीरियस मुद्दा. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी होज आणि पंपातला पडदा या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलने असं रबर फुगतं, चिरतं. त्यात ते हवेतला ओलावाही शोषतं. चिरलेल्या होजमधून तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकलं, तर प्रश्न गाडी बंद पडण्याचा राहत नाही, आग लागण्याचा होतो. त्यामुळे सगळे होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल झेपेल असा बदलून घ्या. छोटा अग्निशामक सीटखाली हवाच. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरला हात लावायचा नाही. बस्स!

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. त्यामुळे उरलेल्या जपाव्यात असं वाटतं खरं. पण मागच्या सीटवर सत्तरीचे काका-काकू असतील, तर दुपारी दोनला सावली नसलेल्या हायवेवर उभं राहणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून माझा नियम साधा आहे : सकाळी सहाला निघायचं, दहाच्या आत पोचायचं. दुपारी पद्मिनीने कडुनिंबाखाली झोपायचं आणि आपण कूलरसमोर. वरात काय, संध्याकाळीच निघते!