ऑनलाइन गेम-दुकानांचे नामांतर

ऑनलाइन गेम-दुकानांचे नामांतर म्हणजे संगणकीय खेळ आंतरजालावरून विकणाऱ्या संस्थेने विक्रीसूची विस्तारल्यावर आपले नाव व बाजारातील ओळख बदलणे. अशा दुकानात ग्राहकाला माल हाताळून पाहता येत नाही. नाव हेच त्याच्यासाठी मालाचे व अटींचे पहिले वर्णन असते. म्हणून नाव बदलल्यावर जुन्या अटी टिकतात की नाही, हा नामांतरातील मुख्य प्रश्न ठरतो. पोलंडमधील ‘गुड ओल्ड गेम्स’चे २०१२ साली झालेले ‘गॉग डॉट कॉम’ हे याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

मार्चिन इविंस्की व मिखाउ किचिंस्की यांनी १९९४ साली वॉर्सा येथे सीडी प्रोजेक्ट ही कंपनी स्थापन केली. या कंपनीने २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ हे दुकान सुरू केले. नव्या संगणकांवर न चालणारे जुने खेळ दुरुस्त करून ते ५.९९ किंवा ९.९९ डॉलर अशा दोनच दरांत विकले जात. दर जगभर एकच होता. खेळांवर डीआरएम या नावाने ओळखले जाणारे प्रत-नियंत्रण नव्हते. त्यामुळे एकदा उतरवून घेतलेली फाइल दुकानाच्या परवानगीवाचून चालत असे.

सप्टेंबर २०१० मध्ये संकेतस्थळ अचानक बंद करण्यात आले. विकत घेतलेले खेळ गमावण्याची भीती ग्राहकांत पसरली. काही दिवसांनी हा नव्या आवृत्तीच्या प्रसिद्धीचा भाग असल्याचे उघड झाले व कंपनीने क्षमा मागितली.

नामांतर

२०११ साली ‘द विचर २’ हा सीडी प्रोजेक्टचा नवा खेळ प्रकाशनाबरोबरच येथे विक्रीस आला. ‘जुने’ हा शब्द तेव्हापासून अपुरा पडू लागला. मार्च २०१२ मध्ये नवे व स्वतंत्र निर्मात्यांचे खेळ सूचीत घेताना दुकानाने केवळ आद्याक्षरे ठेवली. जुन्या ग्राहकांची ओळख त्यामुळे टिकली आणि नावातील मर्यादा गेली.

ब्रिटनमधील ‘बंडल स्टार्स’ने वेगळा मार्ग घेतला. २०१२ साली सुरू झालेल्या या दुकानाचे नाव खेळांचे संच विकण्याच्या पद्धतीवर बेतलेले होते. सुटे खेळही मोठ्या प्रमाणात विकले जाऊ लागल्यावर २०१७ साली त्याने ‘फॅनॅटिकल’ हे पूर्णतः नवे नाव घेतले.

परिणाम

सूची वाढली तशा नव्या प्रकाशकांच्या अटीही आल्या. २०१४ साली गॉगने काही खेळांसाठी प्रदेशानुसार वेगळे दर जाहीर केले. ग्राहकांच्या विरोधानंतर ते मागे घेतले. त्याच वर्षी स्थानिक चलनांतील विक्री सुरू झाली आणि जादा द्यावी लागणारी रक्कम दुकानातील जमा-रकमेच्या रूपाने परत केली जाऊ लागली. ही योजना मार्च २०१९ मध्ये बंद झाली. २०२१ साली ‘हिटमॅन’ या खेळाच्या अनेक सुविधांना आंतरजाल-जोडणी लागत असल्याने ग्राहकांनी आक्षेप घेतला आणि तो खेळ सूचीतून काढला गेला. एकच दर ही अट अशा रीतीने गेली. प्रत-नियंत्रणमुक्त विक्रीचे तत्त्व मात्र ग्राहकांच्या दबावामुळे टिकून राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गॉगने १०० खेळांपासून जुने खेळ जतन करण्याचा कार्यक्रम सुरू केला. नावातून गेलेली मूळ ओळख यातून सूचीत परतली.

भारतीय ग्राहकांच्या दृष्टीने

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. डिजिटल उत्पादने, तसेच भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी संस्थाही या नियमांच्या कक्षेत येतात. त्यामुळे व्यापारी नाव बदलले तरी उत्तरदायी संस्था ओळखता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. रिसोड किंवा मानोरा येथील ग्राहक वाशिमच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. परदेशी संस्थेविरुद्धच्या आदेशाची अंमलबजावणी मात्र कठीण असते. अशा ग्राहकासाठी स्वतःच्या संगणकावर जपलेली, दुकानाशी जोडणी न लागणारी फाइल हेच अधिक भरवशाचे संरक्षण ठरते.