विश्लेषण : पॅथॉलॉजिस्टचा विमा स्वस्त दिसतो, मग महाग कुठे पडतो?

समजा, गाठीच्या बायोप्सीसाठी रुग्णाने दीड हजार रुपये मोजले. ‘कर्करोग नाही’ असा अहवाल आला आणि वर्षभराने तो चुकीचा निघाला. ग्राहक आयोगात भरपाई मागायला त्याला शुल्क किती? शून्य. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ते लागतच नाही. म्हणजे दीड हजारांच्या अहवालावर ५० लाखांचा दावा जिल्हा आयोगातच दाखल होऊ शकतो. रुग्णाच्या बाजूने पाहता हे योग्यच आहे. प्रश्न डॉक्टरच्या विम्याचा आहे.

हप्ता कमी कसा?

पॅथॉलॉजिस्ट रुग्णावर शस्त्रक्रिया करत नाही. त्यामुळे शल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञापेक्षा त्याचा ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ विमा साधारणतः स्वस्त असतो. वर १८ टक्के जीएसटी. २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा कर गेला, या विम्यावरचा नाही.

मग अडते कुठे?

पॉलिसीत दोन मर्यादा असतात : वर्षभराची आणि एका प्रकरणाची. एकास चार हे प्रमाण घेतले की हप्ता उतरतो. पण १ कोटीच्या पॉलिसीत एका रुग्णासाठी २५ लाखच मिळतात. अनेक जण फक्त ‘१ कोटी’ वाचतात. कोलकात्यातील एका प्रकरणात (ते पॅथॉलॉजीचे नव्हते) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटींची भरपाई मंजूर केली होती.

दुसरी मेख अधिक घातक. दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू हवी आणि अहवाल पॉलिसीतील ‘रेट्रोअॅक्टिव्ह’ तारखेनंतरचा हवा. नूतनीकरण एकदा चुकले की ही तारीख पुढे सरकू शकते आणि मागच्या सगळ्या अहवालांवरचे छत्र जाते. इतर डॉक्टरांच्या चुकीवर वाद घालता येतो. पॅथॉलॉजिस्टची चूक मात्र काचेच्या स्लाइडवर जपलेली असते. दुसऱ्या रुग्णालयात ती पुन्हा पाहिली की झाले. म्हणून हप्ता वाचवण्यासाठी एखादे वर्ष सोडणे, किंवा निवृत्त होताच पॉलिसी बंद करणे, हीच खरी महागाई.

हप्ता कोणी भरावा?

अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. सही अनिवार्य झाली, जबाबदारीही सहीसोबत आली. नफा मात्र अनेकदा मालकाकडे राहिला. नमुना संकलन केंद्रावरच बदलला तरी नोटिशीत नाव सही करणाऱ्याचेही येते. त्यामुळे नोकरीच्या वा मानधनाच्या करारातच हप्ता प्रयोगशाळा भरेल, आणि डॉक्टरने काम सोडल्यावरही त्या काळातील अहवालांचे संरक्षण चालू ठेवेल, असे लिहून घ्यायला हवे. तपासण्यांच्या पॅकेजवर निम्मी सवलत जाहीर करणाऱ्यांना एवढा खर्च जड जाऊ नये.