भिजवायला विसरलात? चवळी आहे ना!

रात्रीचे साडेनऊ. वर्सोवा मेट्रो स्टेशनचा जिना उतरताना पोटात कावळे ओरडतायत, यारी रोडच्या रिक्षासाठी ही भलीमोठी रांग आणि तुमचा अंगठा आपोआप मोबाइलवरच्या फूड अ‍ॅपकडे वळलेला. घरी डब्यात राजमा आहे, छोले आहेत. पण ते भिजवायचे होते काल रात्री! काल रात्री तुम्ही प्रेझेंटेशन करत बसला होतात. मग काय, मागवा नूडल्स.

माझ्या रूममेटने (नाव सांगत नाही, ती हा कॉलम वाचते) मध्यंतरी एका रविवारी बसून महिन्याचा हिशेब केला. धाकट्या भावाच्या क्लासच्या फीसाठी ती दर महिन्याला घरी पैसे पाठवते. त्या महिन्यात निम्मेच गेले होते. आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाचा आकडा? पूर्ण फीपेक्षाही जास्त. ‘आई रागावली असती तर बरं वाटलं असतं,’ ती म्हणाली. ‘ती नुसतं म्हणाली, असू दे गं, पुढच्या महिन्यात बघू.’

त्या दिवशी आमचं ठरलं, सोमवार ते गुरुवार घरचंच जेवायचं. प्रॉब्लेम एकच, दोघीही नऊच्या आत घरी येत नाही. तोडगा तिच्या आईनेच फोनवर दिला. ‘अगं, चवळी लाव ना! तिला कुठे रात्रभर भिजत ठेवावं लागतं?’

खरंच की! राजमा-छोल्यांच्या तुलनेत चवळीचं साल पातळ, दाणा लहान. त्यामुळे ती न भिजवताही कुकरमध्ये शिजते. विसराळू माणसांना सांभाळून घेणारं हे कडधान्य. काळा डोळा असलेली ही चवळी मूळची आफ्रिकेची. अमेरिकेच्या दक्षिण भागात ती नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून भाताबरोबर खातात. ‘ब्लॅक आइड पीज’ नावाच्या हिप-हॉप बँडवर तुम्ही कॉलेजात नाचला असाल, तर तीच ही. फक्त आता ताटात!

आणि जिमवाल्यांनो, ऐका. १०० ग्रॅम सुक्या चवळीत साधारण २३ ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं. शिवाय भरपूर फायबर आणि फोलेट. पोळी किंवा भाताबरोबर खाल्ली की प्रोटीनमध्ये एकाची कमी दुसरं भरून काढतं. वरून लिंबू पिळलंत तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आजी सांगायची ते काही उगीच नव्हतं.

बेसिक फंडा

एक वाटी चवळी निवडून, धुऊन घ्या. तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल. कुकर लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यात अंघोळ उरकते. तासभर गरम पाण्यात भिजवायला जमलं, तर दोन-तीन शिट्ट्यांत काम होतं. दाणा बोटांत दाबून पाहा. सहज दबला पाहिजे, पण लगदा नको. चवळी जुनी असेल तर जरा जास्त वेळ लागेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कडधान्याला फेस येतो. (मी भरला होता. शिट्टीतून उडालेलं पिवळं पाणी आमच्या किचनच्या छतावर अजून दिसतं.) आणि आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं चवळी शिजल्यावरच. आंबट आधी घातलं की दाणा लवकर मऊ होत नाही.

सोमवार : साधी उसळ

कढईत दोन चमचे तेल. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. मग एक बारीक चिरलेला कांदा आणि चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या. कांदा गुलाबी झाला की लाल तिखट, गोडा मसाला, शिजलेली चवळी तिच्या पाण्यासकट. ते पाणी अजिबात ओतू नका, सगळी चव त्यात आहे. दोन-तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. डावाने थोडे दाणे कढईतच ठेचा, रस आपोआप दाट होतो. पाच मिनिटं उकळा, वरून कोथिंबीर. पोळ्या करायचा कंटाळा? पाव आहेत की!

मापाचं टेन्शन घेऊ नका. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाने शिकवलं, तेच आपल्यालाही पुरतं.

मंगळवार : डब्यातली चवळी

सोमवारी शिजवतानाच दुप्पट शिजवा. अर्धी निथळून फ्रिजमध्ये. सकाळी त्यात कांदा, काकडी, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे, चाट मसाला आणि लिंबू. झाली भेळ! डब्यात टाका आणि ऑफिसमध्ये ‘डाएट’ म्हणून मिरवा.

श्रावण स्पेशल

पावसात वर्सोवा कोळीवाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की दर्याचा नवा हंगाम सुरू. कोळीवाड्याबाहेरच्या कितीतरी घरांत मात्र श्रावणभर मासे बंद, कांदा-लसूणही बंद. तेव्हा उसळीत आलं-मिरची-जिऱ्याचं वाटण घाला आणि मूठभर ओलं खोबरं. नारळाचा सीझन आहेच! हिंग मात्र सढळ हाताने. कांद्याची आठवणही येणार नाही.

वीकएण्ड : किचनमधूनच गोवा

वेळ असेल तर गोव्याचं तोणाक करून बघा. तिथे चवळीच्या भावंडाला अळसांदे म्हणतात. ती चवळीपेक्षा मोठी असतात, पण आपल्या चवळीनेही काम भागतं. खोवलेलं खोबरं, कांदा, धणे, काळी मिरी आणि सुक्या लाल मिरच्या तेलावर छान तांबूस भाजा आणि चिंचेबरोबर बारीक वाटा. शिजलेल्या चवळीत घालून उकळी काढा. पावाबरोबर हाणा. मित्र आले तर खुशाल सांगा, रेसिपी सिक्रेट आहे.

जाता जाता

चवळीला भुंगा फार लवकर लागतो. त्यात वर्सोव्याची समुद्राची दमट हवा. पाच किलोच्या सेलला भुलू नका. अर्धा किलोच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. शिजवलेली उसळ रात्रभर ओट्यावर ठेवलीत, तर मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत ती आंबलीच समजा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

आमच्या सोमवार ते गुरुवारला आता दोन महिने झाले. एकदोनदा पिझ्झा आला, नाकारत नाही. पण गेल्या महिन्यात फीचे पैसे एक तारखेलाच आणि पूर्ण गेले. आईचा फोन आला. फीचं नावसुद्धा काढलं नाही तिने. विचारलं एवढंच, ‘चवळीत गूळ घालतेस ना गं?’