मानेचा मणका : योग्य सर्जन सांगणार कोण?

पोती उचलून मान धरली की आपला शेतकरी आधी चोळणाऱ्याकडे जातो. साध्या मानदुखीला बहुधा ऑपरेशन लागतही नाही. पण सदऱ्याचं बटण लागेना, चालताना पाय अडखळू लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घ्यावी. मग मान चोळणं, मोडणं धोक्याचं. उशीर झाला तर गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही.

इथं न्यूरोसर्जन किंवा मणक्याचाच अनुभव असलेला हाडांचा सर्जन पाहिजे. मानेची ऑपरेशनं किती केली, न केल्यास काय होईल, हे विचारण्यात लाज कसली? अकोल्यात २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात मेडिकल आणि एम्स आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र भेटतो. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय सोबत न्यावा.

पण हे गावात सांगणार कोण? चिठ्ठीवर नुसतं ‘पुढे पाठवा’ लिहून भागत नाही. कोणत्या दुखण्याला कुठं, कोणत्या वारी जायचं, याचा फलक प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलाच पाहिजे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तसा ठराव घ्यावा.