आरक्षण ‘पडतं’ तेव्हा

आपण नगररचनाकार अहवालात लिहितो, ‘सदर जागेवर प्राथमिक शाळेचे आरक्षण प्रस्तावित आहे.’ जमीनमालक घरी जाऊन सांगतो, ‘आपल्या जागेवर आरक्षण पडलं.’ मराठीत वीज पडते, धाड पडते, दरोडा पडतो. विकास आराखड्यातले आरक्षणही पडते. आपल्या कामाबद्दल लोकांना काय वाटते, हे या एका क्रियापदात आले.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ वाचला, तर लोकांचे ऐकण्याची सोय त्यात नाही असे म्हणता येणार नाही. कलम २३ खाली इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ ची नियोजन समिती सुनावणी घेते; तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पण ऐकण्याची वेळ पाहा. इरादा जाहीर होतो तेव्हा लोकांपुढे हद्दीपलीकडे काही नसते. आराखड्यावर त्यांना बोलता येते ते नकाशा रंगवून झाल्यावर. तोवर रस्ता किती मीटरचा, मैदान कुठे, मंडई कुठे, हे ठरलेले असते. मग माणूस सूचना घेऊन येत नाही, वकील घेऊन येतो.

मुंबईचा अनुभव आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वातल्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि वारसा वास्तूंच्या नोंदीतल्या चुका लोकांनी दाखवून दिल्या. हरकतींचा ढीग पडला आणि एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी फेरआखणीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, शासनाची मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली चार वर्षे मंजुरीआधीच सरली.

याच मुंबईत विद्यमान जमीन वापराचे नकाशे त्याआधी लोकांपुढे आले होते. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी ते गल्लीगल्लीत नेऊन ताडून पाहिले, चुका महापालिकेला कळवल्या. पुढे प्रभागांमध्ये चर्चाही झाल्या. एवढे होऊनही २०१५ च्या प्रारूपात चुका राहिल्या, याचा दोष लोकांच्या माथी मारता येणार नाही. त्यांनी सांगितलेले आपल्या टेबलावरून नकाशात उतरले नाही.

हरकतींच्या संख्येवर आपण फार विसंबतो. हरकत घ्यायला सर्व्हे नंबर माहीत असावा लागतो, राजपत्रातली सूचना डोळ्यांखालून जावी लागते. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई, भाडेकरू, पाड्यावरचे कुटुंब यांच्या नावावर सातबारा नाही. म्हणून आराखड्याशी त्यांचा संबंध नाही, असे होत नाही. उलट मंडई, दवाखाना आणि पाळणाघर हवे असते ते त्यांनाच. मालक हरकतीच्या वेळी येईलच. या मंडळींकडे आपल्यालाच जावे लागेल, आणि तेही रेघ मारण्याआधी.

गोव्याने तसा प्रयत्न केला. २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा जनआंदोलनामुळे २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला. त्यानंतर २०२१ च्या आराखड्यासाठी जो कृतिगट नेमला, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. गावागावांचे नकाशे पंचायतींपुढे ठेवले गेले. पुढे वाद झाले, २०१२ मध्ये तो आराखडा स्थगितही झाला. पण ओहोळ, शेत आणि डोंगरउतार कुठे आहे, हे गावाला विचारण्याची रीत त्यामुळे चुकीची ठरत नाही.

विद्यमान जमीन वापर नकाशावर हरकती मागवायला कायदा सांगत नाही. तो मनाईही करत नाही. आपण सारे बोट ठेवतो ते पहिल्या वाक्यावर. यापुढे दुसऱ्यावर ठेवूया. नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावा. सर्व्हे नंबरांबरोबर शाळा, देऊळ, मशीद, बसथांबा यांची नावे लिहा, म्हणजे माणसाला आपले घर बोटाने दाखवता येईल. एखाद्या संध्याकाळी, कामावरची माणसे परतल्यावर, तिथे उभे राहा. आणि सुनावणीनंतर ‘अमान्य’ लिहायचेच असेल, तर त्याच्यापुढे एक ओळ कारणाची लिहा.

आरक्षण तरीही कुणाच्या तरी जागेवर येणारच. शहराला शाळा आणि मैदाने लागतात. पण ते तिथेच का, हे ज्याला आधी विचारले आणि नंतर सांगितले, त्याच्याशी निदान बोलणे शक्य राहते. आपल्या पुढच्या आराखड्याचे काम सुरू होत असेल, तर पहिला नकाशा कार्यालयाबाहेर काढा.