घड बाईच्या हातात, करार बाप्याच्या नावावर! वाइनच्या धंद्यात आपल्या महिला कुठे?

नाशिक : दिंडोरी, निफाडच्या वाइन द्राक्षबागेत कधीही जा. फुटवे काढणं, काड्या बांधणं, विरळणी, तोडणी, ही कामं बहुतेक महिलांच्याच हातची. पण जानेवारी ते मार्चमध्ये वाइनरीचा माणूस ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी मोजायला येतो, तेव्हा आकडा सांगतो मालकाला. त्याच आकड्यावर तोडणीचा दिवस आणि बऱ्याचदा दरही ठरतो. वर्षभर घड सांभाळणारीला मात्र तो कळत नाही.

कारण साधं आहे. सातबारा ज्याच्या नावावर, करार त्याच्याशी, आणि मीटिंगचा फोनही त्यालाच. याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. किती उताऱ्यांवर ती नावं चढली, ते आपापल्या घरात बघा.

वाइनरीच्या आत अडचण वेगळी आहे. वाइन वर्षातून एकदाच बनते. टाकीतला रस कसा आंबतो, कधी थंड करायचा, चव कुठे बिघडते, हे पुस्तकातून येत नाही; जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. नेमक्या त्याच दिवसांत रात्रपाळी असते. मुलीला न्यायला-सोडायला गाडी नाही, राहायला खोली नाही, म्हणून घरचे नको म्हणतात. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. बीएस्सी झालेली पोरगी मग पॅकिंगलाच राहते.

'दारूचा धंदा, पोरीला कशाला?' असंही गावात म्हणतात. द्राक्षाचे पैसे घेताना हे कुणाला आठवत नाही!

बायकांना जमत नाही, असं तर मुळीच नाही. सोनल हॉलंड २०१६ मध्ये 'मास्टर ऑफ वाइन' झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. अर्थात, रस्ता बाहेरही सोपा नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या अभ्यासात मुख्य वाइनमेकर महिला असलेल्या वाइनरी जेमतेम १४ टक्के निघाल्या.

आपल्याकडे शासनाचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. वाइनरी उभ्या राहिल्या, सवलतीही मिळाल्या. आता वाइनरींनी दर हंगामाला दोन-तीन मुली तरी जाणत्या माणसाच्या हाताखाली घ्याव्यात, रात्रीच्या गाडीसकट. बागायतदारांनाही खर्च फारसा नाही. ब्रिक्स मोजायचं यंत्र एकदा मुकादम बाईच्या हातात द्या आणि पुढच्या भेटीला घरच्या कारभारणीलाही बोलवा. करार वाचताना तर नक्कीच.